पायाळूची टाच आणि गुळव्याचा खांदा

माझ्या आधी माझे पाय या जगात आले. लासुर्ण्याजवळच्या आमच्या वस्तीवर सुईणीने त्या पायांना धरून मला ओढून काढले आणि त्या ओढाताणीत माझी आई इतकी फाटली, की पुढे दोन महिने तिला धड बसता आले नाही. घरात ही गोष्ट कोणी लपवली नाही. उलट कौतुकाने सांगितली. पायांकडून जन्मलेले माणूस म्हणजे पायाळू, आणि पायाळूच्या लाथेने उसण जाते असा आमच्या भागातला पक्का समज. पाठीत किंवा कमरेत एकाएकी चमक भरून माणूस वाकडा झाला, की ती उसण. आईच्या हालांतून घराला एक औषध मिळाले होते, आणि ते औषध मी होते.

पाचव्या वर्षापासून मी लाथा मारत आले. सकाळी चूळ भरण्याआधी मला अंगणात नेत. तिथे गोणपाटावर कोणी तरी पालथा पडलेला असे. वडील माझ्या बखोटीला धरून मला त्याच्या पाठीशी उभी करीत आणि सांगत, "टाच मार, बोटं न्हाय." डाव्या पायाच्या तीन लाथा. हळू मारली तर पालथा पडलेलाच तक्रार करी, आणि मग मोजणी पुन्हा एकपासून सुरू होई. नऊ वर्षांची असताना माझ्या टाचेने एका गाडीवानाची बरगडी दुखावली. त्याचा श्वास अडकला, डोळ्यांतून पाणी आले, आणि जाताना त्याने माझ्या हातावर बत्तासे ठेवले.

या उद्योगातून मला काही मिळाले नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. टाचेखाली मला पाठी वाचता येऊ लागल्या. निरोगी मांस भिजवलेल्या कणकेसारखे लागे. दुखऱ्या पाठीत कुठे तरी सुतळीसारखी ताठ दोरी हाताला, म्हणजे पायाला, लागे आणि त्या दोरीत हरभऱ्याएवढा एक दाणा असे. दाण्यावर टाच आली की माणूस उसळे. लोक त्याला गाठ म्हणत आणि गाठ फुटली पाहिजे असे मानत. मीही तसेच मानत होते.

पुढे बारामतीची शाळा झाली आणि मी पुण्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या वर्गात बसू लागले. वर्गात आम्ही तीन मुली. प्रयोगशाळेत जिवंत बेडकाच्या मेंदूत सुई खुपसून फिरवायची, पोटरीचा स्नायू सोडवून घ्यायचा, त्याला विजेचे धक्के द्यायचे आणि तो आखडताना काजळी धरलेल्या ढोलावर उमटणारी रेघ तपासायची, असा आमचा क्रम असे. बाकीच्या दोघी पहिल्या दिवशी सुई ठेवून बाहेर गेल्या. मी गेले नाही. अंगणातल्या गोणपाटाने माझी तयारी करून घेतली होती. मला वैद्यकीय महाविद्यालयात जायचे होते आणि तिथे मी पहिली येणार याविषयी मला शंका नव्हती.

दुसऱ्या वर्षाच्या नाताळच्या सुट्टीत घरी आले तेव्हा आमचे गुऱ्हाळ अखंड चालू होते. जवळच साखरेच्या कारखान्याचे बांधकाम निघाले होते. आणखी चार वर्षांनी गूळ कोणी करणार नाही अशी बोलवा असल्यामुळे वडील उसाचा एकही फड मागे ठेवायला तयार नव्हते. गुऱ्हाळाचा सगळा भार गुळव्यावर होता. गुळव्या म्हणजे रस आटवून पाक नेमका ओळखणारा कारागीर. आमचा गुळव्या चाळिशीचा, धनगराच्या घरातला. त्याच्या आज्याने मेंढरे राखली, बापाने ती विकून जमीन धरली आणि याने रस आटवायच्या मोठ्या कढईपुढे, काहिलीपुढे, उभे राहायला शिकून घेतले. आम्ही सगळे त्याला तात्या म्हणत असू.

मी आल्याच्या तिसऱ्या दिवशी काहील कलंडली. काहिलीच्या कड्यांत दांडे घालून चार माणसे ती चुलवाणावरून उतरवतात आणि पाक गूळ निवायच्या वाफ्यात ओततात. तात्याने आवाज दिला, चौघांनी उचलले, आणि अर्ध्या वाटेवर तात्याचा उजवा हात दांड्यावरून गळून पडला. उकळता पाक शेजारच्या गड्याच्या पावलावर गेला. पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, तो कातडीला धरून बसतो. गडी ओरडत हौदाकडे धावला. त्याच्या भावाने चिपाडाच्या ढिगातून एक जाड कांडके उपसले आणि तात्याच्या तोंडावर, मानेवर, डोक्याच्या मागे बदाबदा मारायला सुरुवात केली. तात्याने मार अडवला नाही. अडवायला लागणारा हात वर येतच नव्हता, हे माझ्या लक्षात आले.

पंधरवड्यापासून त्याच्या खांद्यापासून दंडातून थेट अंगठ्यापर्यंत कळ जात होती. दंडावर पैशाएवढे दोन डाग होते, एक सुकलेला आणि एक ओला. निमगाव केतकीच्या बाजाराला एक म्हातारा बसत असे. लोखंडाची सळई लाल करून तो दुखणे जाळीत असे. त्याला सगळे आबा म्हणत. दोन डागांनी कळ गेली नव्हती, म्हणून येत्या बाजाराला तिसरा डाग ठरला होता, या खेपेला अंगठ्याच्या मुळाशी. अंगठ्याच्या मुळाशी खोल डाग दिल्यावर बोटे पुढे वाकतील का, असे मी विचारले. तात्याचा थोरला भाऊ म्हणाला, ते आबाला ठाऊक. वडिलांनी आपला निर्णय वेगळा सांगितला: हात डोक्याच्या वर जाईपर्यंत तात्याने काहिलीला शिवायचे नाही, तोवर पाक ते स्वतः पाहतील, आणि बाजार झाला की बारामतीहून दुसरा गुळव्या आणायचा. एकदा दुसऱ्याच्या हाती गेलेली काहील परत मिळत नाही, हे तिथे प्रत्येकाला माहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आमच्या अंगणात येऊन पालथा पडला.

"ताई," तो गोणपाटात तोंड खुपसून म्हणाला, "उसण पाठीत भरतीया, माझी हातात भरली. टाच लावा."

हाताची उसण कोणी ऐकली नव्हती. पण मी आता केवळ पायाळू नव्हते. मी टाच त्याच्या मानेपासून खाली फिरवली. खांद्यामागच्या पसरट हाडाच्या मधोमध मला दोरी लागली, आणि दोरीत दाणा. मी जरा भार दिला. तात्या किंचाळला, पण पाठीला हात लावायच्या ऐवजी त्याने अंगठा धरला.

"हात पेटला," तो म्हणाला. "तीच कळ. तीच हाय ही."

तो क्षण मला आजही लख्ख आठवतो, आणि त्याची लाजही वाटते. दुखते दंडात आणि अंगठ्यात, दुखण्याचा उगम मात्र हातभर दूर, त्या पसरट हाडावर, खवाट्यावर. म्हणजे म्हाताऱ्याने दोनदा निरपराध मांस जाळले होते, आणि तिसऱ्यांदा जाळणार होता. हे मी शोधले होते. आता मी गाठ फोडणार होते, तीही योग्य जागी. अंगणात आठ-दहा माणसे जमली होती. मी तीन लाथा मोजल्या नाहीत. दाण्यावर टाच रोवून सगळा भार दिला आणि वरून मारत राहिले. तात्याने गोणपाट दातांत धरले. काही वेळाने त्याचे दात सुटले आणि तो तिथेच ओकला. बघणारे म्हणाले, बरी बसली. वडील समाधानाने आत गेले.

संध्याकाळपर्यंत त्याचा खवाटा काळानिळा होऊन सुजला. दुसऱ्या दिवशी त्याला भाकरीचा तुकडाही उजव्या हाताने तोंडापर्यंत नेता येईना.

त्याची बायको दुपारी आली. ती कधी आमच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. त्या दिवशीही बाहेरच उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"ताई, तुमी शिकलेल्या. ह्यास्नी मारायचंच हुतं, तर आमच्यात मारनारी माणसं काय कमी हायत? भाऊ मारतोय, आबा जाळतोय, परवा त्या गड्याच्या भावानं डोस्कं फोडलं. तुमचं शिक्षान त्यात आनि कशाला घातलं?"

जाता जाता तिने एवढेच सांगितले, की सुजलेल्या अंगाला आबा सळई लावत नाही, म्हणून तिसरा डाग एक बाजार पुढे गेला. वडिलांनीही नव्या गुळव्याला तेवढेच पुढे ढकलले. माझ्या अडाणी लाथांनी तात्याला एक आठवडा मिळवून दिला होता. त्यावर समाधान मानण्याइतकी मी कोडगी नव्हते.

त्या दुपारी मी वह्या काढल्या. बेडकाच्या पोटरीला एकामागून एक धक्के दिले, की ती आखडून तशीच राहते. धक्के देतच राहिलो, की थकते. आणि थकलेल्या स्नायूची रेघ चढताना पाहिली तर ती जवळजवळ पूर्वीसारखीच चढते. उतरायला मात्र तिला फार वेळ लागतो. माझ्याच हाताने काढलेल्या रेघेत हे महिनाभर पडून होते. थकलेल्या स्नायूला आखडण्यापेक्षा सैल पडणे जड जाते. त्याला आणखी एक धक्का देणे म्हणजे आणखी एकदा आखडायला लावणे. सळई हा धक्का होता आणि माझी टाचही.

माझ्या स्वतःच्या मानेत, वाचून वाचून, तसाच एक दाणा होता. दोन दिवस मी तो तपासला. दाबला की कळ कानामागे जाई. मान उलट्या बाजूला जोरात ओढली, की दाणा घट्ट होई. हळू ओढली, श्वास सोडत, कळ उठायच्या अलीकडे थांबले, की दहाबारा श्वासांनंतर दोरी थोडी लांब होई. मग हाताचा अगदी हलका विरोध देऊन मान त्याविरुद्ध रेटायची, सोडायची, आणि सोडल्याच्या क्षणी थोडे पुढे जायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मान दोन्ही बाजूंना सारखी वळली.

अडचण एकच होती. परक्या पुरुषाच्या पाठीवर लाथ मारायला मला मुभा होती, हात लावायला नव्हती. तात्याचा खांदा मी पायाने तुडवू शकत होते, पण हाताने धरून एक अंश हलवू शकत नव्हते. म्हणून त्याचा खांदा त्यालाच हलवावा लागणार होता आणि विरोधासाठी लागणारा हात त्याच्या बायकोचा. मी तिच्याकडे गेले आणि झाले ते चुकले असे सांगितले. तिने पदराने चुलीपुढची जागा पुसली आणि मला बसायला सांगितले.

गुऱ्हाळाच्या मागे, चिपाडाच्या गंजीआड आम्ही तिघे उभे राहत असू. मी समोर करी, तो पाहून करी. पहिले दोन दिवस त्याने कमरेत वाकून हात नुसता लोंबता सोडायचा आणि मोटेच्या नाड्यासारखा हलू द्यायचा, एवढेच. मग उजवा हात छातीवरून डाव्या खांद्याकडे न्यायचा, डाव्या हाताने कोपर हळू ओढायचे. मग बायकोच्या तळव्यावर मनगट टेकवून सुपारी दाबावी इतकाच दाब द्यायचा, चार श्वास, आणि सोडून द्यायचा. चिंध्यांचा एक चेंडू करून तो भिंत आणि खवाटा यांच्यामध्ये धरायचा आणि अंग सावकाश वरखाली करायचे. कळ सोसवेल तितकीच. जास्त सोसण्याची त्याची हौस मोडताना माझा घसा बसला. दुखल्याशिवाय औषध लागते हे त्याला पटेचना. पहिल्याच दिवशी त्याने माझी पाठ वळताच कोपर दातओठ खाऊन ओढले आणि संध्याकाळी पुन्हा अंगठा धरून बसला.

शेवटी त्यानेच त्यातून वाट काढली. मी श्वासांविषयी काही तरी समजावत होते, तेवढ्यात तो म्हणाला, "म्हंजी पाक गोळीला आला, की जाळ मागं वढायचा. करपायची वाट बघायची न्हाय."

तेव्हापासून मी कळ हा शब्द सोडला आणि जाळ हा शब्द धरला. जाळ किती, एवढेच विचारी.

चिपाडे वाहणारे गडी हसत. गुळव्या झोके खातोय, त्याला पाळण्यात घाला, असे एकाने म्हटले. ज्याचे पाऊल भाजले होते त्याने दगड भिरकावला, तो तात्याच्या घोट्याला लागला. थोरला भाऊ दोनदा येऊन उभा राहिला आणि भावजयीला सगळ्यांदेखत शिवी देऊन गेला, की नवऱ्याला नाचवतेस. मी कुडावर कोळशाने रोज एक रेघ ओढत होते. तात्या कुडाला छाती लावून उभा राही आणि बोटे जिथवर जातील तिथे रेघ. पहिली रेघ त्याच्या बरगडीपाशी होती. नवव्या दिवशीची कपाळापाशी. वडील एकदा येऊन रेघा पाहून गेले आणि म्हणाले, "डोक्याच्या वर म्हनालो हुतो मी." ते खरे होते. बाजार परवावर आला होता.

बाजाराच्या दिवशी तात्या निमगावला गेला नाही. त्याने तसे आदल्या दिवशीच भावाला कळवले होते. दुपारी भाऊच गुऱ्हाळावर आला, बरोबर आबा आणि भावकीतले दोन धट्टेकट्टे गडी. आबाने कोणाला काही न विचारता सळई चुलवाणाच्या तोंडात सरकवली.

मी पुढे झाले. कुडावरच्या रेघा दाखवल्या, एकेका रेघेचा दिवस सांगितला, कळ अंगठ्यातून निघून आता फक्त दंडापर्यंत उरल्याचे सांगितले. आबाने सगळे ऐकून घेतले. तो उद्धट माणूस नव्हता.

"पोरी," तो म्हणाला, "रेघा भिताडावर हायत. कळ मानसात हाय." मग तात्याकडे वळून म्हणाला, "हात वर कर."

तात्याने हात उचलला. कपाळापर्यंत गेला, आणि तिथे सगळ्यांसमोर थरथरू लागला. त्याला मी थांब म्हणाले. तो थांबला नाही, जोर करू लागला, आणि हात खाली पडला.

"बघा," भाऊ म्हणाला.

मी वडिलांकडे पाहिले. ते चरकाजवळ उभे होते. त्यांनी सांगितले, की हा त्यांच्या घरातला मामला आहे. दोघा गड्यांनी तात्याला खांद्याला धरून गुडघ्यांवर बसवले. तो बसलाही, जन्मभर ज्यावर विश्वास ठेवला ते पंधरा दिवसांत सुटत नाही. आबाने सळई बाहेर काढली. टोक पिवळसर लाल झाले होते. मग भावाने तात्याचा उजवा हात धरला आणि अंगठा मोकळा मिळावा म्हणून तो पाठीमागे, वर, एकदम पिरगळला.

तात्याच्या तोंडून जो आवाज आला तो मी बैलाच्या तोंडूनही ऐकलेला नाही. त्याची बायको भावाच्या दंडाला लोंबकळली. भावाने कोपराने तिच्या तोंडावर फटका मारला आणि ती चिपाडात पडली. "न्हाय," तात्या म्हणाला. भावाने त्याच्या कानशिलात दिली.

पुढचे सगळे मी श्वास घ्यायच्या आत झाले. तात्या खांद्याला झटका देऊन सुटला, वाफ्याच्या कडेला पडलेले लांब दांड्याचे लाकडी फावडे त्याच्या हाती आले, दोन्ही हातांत धरून त्याने ते डोक्याच्या मागे नेले आणि खाली आणले. भावाने आपला हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज कोवळा ऊस मोडल्यासारखा आला. दुसरा घाव आबाच्या मनगटापासून बोटभर अंतरावर पडला आणि सळई गोणपाटावर घरंगळली. तिसऱ्यासाठी फावडे पुन्हा वर गेले आणि तिथेच राहिले, कारण भाऊ खाली बसला होता.

मला जे वाटले ते मी इथे लिहून ठेवते. एका माणसाचे हाड माझ्यासमोर मोडले होते, एक बाई रक्त थुंकत होती, आणि माझ्या मनात सर्वांत आधी आले ते हे, की तात्याचा दंड कानाला टेकला आहे. हात पूर्ण वर गेला आहे. आणि तो थरथरत नाही.

त्यानंतर मी शुद्धीवर आले. गोणपाट धुमसत होते, आबाने सळई उचलून हौदात बुडवली. मी भावाजवळ बसले, त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत धरला आणि तो शिव्या देत असताना हाड सरळ रेषेत आणले. उसाच्या कांड्या उभ्या चिरून घेतल्या, त्यांवर माझ्याच लुगड्याचा काठ फाडून बांधला. मी परक्या पुरुषाला हात लावते आहे हे तेव्हा कोणी बोलून दाखवले नाही. वडिलांनी दिवा लावायची वेळ होईपर्यंत भावाला गाडीत घालून इंदापूरच्या दवाखान्यात पाठवले.

तात्या चुलवाणाच्या भिंतीला पाठ लावून बसला होता. त्याची बायको शेजारी बसून सुजलेल्या ओठांवर पदर दाबत होती. तिने नवऱ्याकडे पाहिले नाही. फावडे त्याने दूर ठेवले होते आणि उजवा हात मांडीवर उलटा, एखादी परकी वस्तू ठेवावी तसा ठेवला होता. मी जवळ जाऊन जाळ किती आहे असे विचारले.

"जाळ न्हाय," तो म्हणाला. मग मांडीवरच्या हाताकडे पाहत म्हणाला, "ताई, सख्ख्या भावाचा हात मोडला मी. आज खांदा हलवू, का आजच्याला राहू देऊ?"

मी हलवायला सांगितले. सावकाश, नेहमीइतकेच. तो उठून उभा राहिला, कमरेत वाकला आणि त्याने हात लोंबता सोडला. बायको थोडा वेळ बसून राहिली. मग ती उठली आणि तिने आपला तळवा त्याच्या मनगटापुढे धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी बारामतीला माणूस पाठवून नवा गुळव्या येऊ नये असे कळवले. पहिल्या काहिलीला तात्याने पाण्यात पाकाची गोळी टाकून पाहिली, जाळ मागे ओढायला लावला आणि उजव्या बाजूचा दांडा स्वतः धरला. आवाज देण्याआधी त्याने बाजूला नुसत्या उभ्या असलेल्या माणसांना दोन पावले मागे सरायला सांगितले. ती एकेक करून सरली. काहील उचलली गेली, वाफ्यावर आली आणि सपाट ओतली गेली. कोणी त्याच्याशी बोलले नाही. संध्याकाळी मी कुडावरची शेवटची रेघ, त्याच्या बोटांच्या उंचीला, माझा हात पोचेना म्हणून एका ढेपेवर उभी राहून ओढली.